बेटावरचे हिवाळी पक्षीनिरीक्षण : नवख्यांसाठी पायरीपायरीने

हिवाळ्यात किनाऱ्याजवळच्या बेटावर पहिल्यांदा पक्षी पाहायला जाणारा माणूस बहुधा भल्या पहाटे उठतो, पहिल्या होडीने पलीकडे पोचतो आणि पाण्याच्या कडेने चालू लागतो. जंगलात आणि माळावर ही सवय उपयोगी पडते. समुद्राकाठी मात्र पक्ष्यांचा दिवस सूर्यापेक्षा पाण्याच्या चढउतारावर चालतो. ओहोटीला पक्षी दूरवर पसरलेल्या चिखलपट्टीवर विखुरलेले असतात, दुर्बिणीत त्यांचे नुसते ठिपके दिसतात, आणि आपण जवळ जाऊ लागलो की तेवढेच ते मागे सरकतात. माझा स्वतःचा पहिला हिवाळा असे ठिपके पाहण्यातच गेला. पाणी चढत असताना एका जागी शांत बसून राहिले तर तेच पक्षी आपणहून आपल्याकडे येतात, ही गोष्ट मला बेटावर रोज होडी चालवणाऱ्या एका माणसाकडून कळली. पुढचे सगळे मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती बांधलेले आहे.

हिवाळा आणि बेट

येथे हिवाळा म्हणजे उत्तर गोलार्धातला, साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात वीण करणारे किनारपक्षी, म्हणजे चिखलात, वाळूत आणि खडकांवर चालत अन्न शोधणारे लहानमोठे पक्षी, जुलै-ऑगस्टपासूनच दक्षिणेकडे निघतात. नोव्हेंबरपर्यंत त्यांची ये-जा बरीचशी थांबते आणि ते आपापल्या हिवाळी मुक्कामी स्थिरावतात. त्यामुळे आज वाळूच्या एखाद्या दांड्यावर दिसलेला थवा पुढच्या आठवड्यातही तेथेच सापडण्याची शक्यता मोठी असते, आणि शिकणाऱ्याला याहून चांगली सोय दुसरी नाही. प्रवासाच्या दिवसांत रोज वेगळे पक्षी दिसतात. हिवाळ्यात मात्र तोच पक्षी वीस वेळा पाहता येतो, आणि ओळख अशा पुन्हापुन्हा पाहण्यानेच पक्की होते.

बेटांकडे पक्षी का ओढले जातात, याची कारणे साधी आहेत. बेटाभोवती खडक, वाळू, चिखल आणि खोल पाणी हे चारही अधिवास थोड्या अंतरात मिळतात, जमिनीवरच्या शिकाऱ्यांचा त्रास कमी असतो, आणि वारा कोणत्याही दिशेचा असला तरी एक बाजू आडोशाची राहतेच. युरोपच्या उत्तर किनाऱ्यावरील वाडन समुद्र आणि त्यातली वाळूची बेटे यांच्या आसऱ्याने दरवर्षी सुमारे १ कोटी ते १ कोटी २० लाख स्थलांतरित पक्षी ये-जा करतात. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊच्या बिजागोस द्वीपसमूहात लाखो किनारपक्षी हिवाळा काढतात. जगात अवघे काही शे उरलेला, चमच्यासारख्या चोचीचा स्पून-बिल्ड सँडपायपर रशियाच्या ईशान्य टोकाकडून येऊन ज्या मोजक्या ठिकाणी हिवाळा घालवतो, त्यांत बांगलादेशातील सोनादिया हे बेट आहे.

पहिली पायरी : भरतीचे वेळापत्रक वाचायला शिकणे

पक्ष्यांच्या पुस्तकाआधी त्या बेटाचे किंवा जवळच्या बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक मिळवावे. बहुतेक किनाऱ्यांवर चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणजे एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि आजची भरती उद्या सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती होते, तर भूमध्य किंवा बाल्टिक यांसारख्या बंदिस्त समुद्रांत पाण्याची पातळी फारशी बदलतच नाही. तेथे पुढील नियम लागू पडत नाहीत आणि सकाळ-संध्याकाळ याच वेळा धराव्या लागतात.

वेळेइतकीच उंची महत्त्वाची आहे, आणि नवखे लोक नेमका हा रकाना सोडून देतात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी खूप वर चढते आणि ओहोटीला खूप खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि पाण्याचा चढउतार थोडा असतो. भांगाच्या दिवसांत चिखलपट्टी पुरती बुडत नाही, त्यामुळे पक्षी तेथेच दूर थांबतात आणि विश्रांतीच्या जागेवर येतच नाहीत. उलट अगदी मोठ्या उधाणाला नेहमीची विश्रांतीची जागाच पाण्याखाली जाते आणि थवे आतल्या शेतांत, मिठागरांत किंवा शेजारच्या बेटावर निघून जातात. शिकणाऱ्याने या दोन टोकांच्या मधले दिवस निवडावेत : पाणी चिखल झाकेल, पण दांडा उघडा ठेवेल इतकी भरती. ही पातळी प्रत्येक बेटाची वेगळी असते. ती तीन-चार फेऱ्यांतच कळते आणि एकदा कळली की नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखी असते.

आणखी एक गोष्ट नियोजनाला फार उपयोगी पडते. एखाद्या ठिकाणी उधाणाची सर्वोच्च भरती दर वेळी दिवसाच्या जवळजवळ त्याच वेळांना येते. म्हणजे आपल्या बेटावर अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास येत असेल, तर पौर्णिमेलाही ती तशीच येईल, आणि हिवाळ्यातल्या प्रत्येक उधाणाला तसेच घडेल. भरती पहाटे सहाला येणाऱ्या बेटावर उधाणाचे शिखर हिवाळ्यात अंधारातच निघून जाते, आणि अशा ठिकाणी उधाणानंतर दोन-तीन दिवसांनी गेले तर उजेडही मिळतो आणि पाणीही पुरेसे चढलेले असते.

वेळापत्रकातली उंची हा अंदाज असतो. हवेचा दाब कमी असेल आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे जोराने वाहत असेल, तर पाणी सांगितल्यापेक्षा वर चढते. दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटीमीटर वाढते, हे लक्षात ठेवावे. तसेच पाणी सहा तास एकाच गतीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढावाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक भाग, असा नाविकांचा ठोकताळा आहे. याचा अर्थ असा की ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात समुद्र हलत नसल्यासारखा वाटतो आणि तिसऱ्या-चौथ्या तासात तो पायाशी धावत येतो. ज्या दांड्यावर किंवा खडपावर जाण्याची वाट ओहोटीतच उघडी पडते, तेथे परतीची वेळ घड्याळावर ठरवूनच पाऊल टाकावे. चिखलपट्टीवर तर चालूच नये. वरून घट्ट दिसणारा चिखल गुडघ्यापर्यंत पाय ओढून घेतो, आणि अडकलेल्या माणसासाठी भरती थांबत नाही.

दुसरी पायरी : बसायची जागा निवडणे

भरतीच्या आधी दोन तास जागेवर पोचलेले असावे. त्या वेळी पक्षी दूर चिखलावर चरत असतात. पाणी चढू लागते तसतशी त्यांची पट्टी अरुंद होते आणि थवे टप्प्याटप्प्याने किनाऱ्याकडे सरकतात. पाहण्यासाठी सगळ्यात चांगला काळ हाच, कारण पक्षी हालचालीत असतात, चोचीने काय करतात ते दिसते आणि प्रकाशही बराच वेळ मिळतो. भरतीच्या शिखराआधी तासभर ते विश्रांतीच्या जागेवर गोळा होतात आणि मग एका पायावर उभे राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपतात. अशा झोपलेल्या थव्यावरून शिकायला थोडे मिळते, पण मोजायला तो उत्तम.

जागा निवडताना सूर्य पाठीशी राहील असे पाहावे. हिवाळ्यात सूर्य बुटका असतो आणि पाण्यावरून परावर्तित होणारा उजेड डोळ्यांत शिरला की सगळे पक्षी काळे दिसतात. सकाळच्या भरतीसाठी पूर्व बाजूच्या उंचवट्यावरून पश्चिमेकडे पाहता येईल अशी जागा, आणि दुपारनंतरच्या भरतीसाठी तिच्या उलट, अशा दोन जागा हाताशी असाव्यात. मागे झुडूप, बांध, भिंत किंवा उलटी ठेवलेली होडी असेल तर आपली आकृती आकाशावर उठून दिसत नाही. पक्ष्यांना माणसाच्या कपड्यांच्या रंगापेक्षा क्षितिजावर उभी राहिलेली त्याची सावली अधिक खटकते.

बेटावरच्या वस्तीशी ओळख करून घेणे हा या पायरीचाच भाग आहे. थवे कोठे झोपतात, मोठ्या उधाणाला ते कोणत्या शेतात जातात, कोणत्या बांधावरून चाललेले कोणाला चालत नाही आणि शेवटची होडी खरोखर किती वाजता सुटते, हे तेथे राहणाऱ्यांना ठाऊक असते. कालवे आणि शिंपले वेचणाऱ्या बायका ज्या वाटेने चिखलावर उतरतात, ती वाट पक्ष्यांच्या सवयीची झालेली असते, आणि त्या वाटेवरच्या माणसांना पक्षी फारसे घाबरत नाहीत. खाजगी जमिनीवर जाण्याआधी विचारावे, जाळी आणि दोर यांच्या मध्ये बसू नये, आणि धक्क्यावर कामाच्या वेळी तिवई उभी करून वाट अडवू नये.

साहित्य

याबद्दल गरजेपेक्षा जास्त लिहिले जाते. एक दुर्बीण पुरते, आणि ती ८×४२ असावी. पहिला आकडा किती पटीने मोठे दिसते ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. बेटावर वारा असतो आणि वाऱ्यात हात हलतो, म्हणून दहा पटीच्या दुर्बिणीतून मिळणारा फायदा थरथरण्यात निघून जातो. शिवाय तिचे दृश्यक्षेत्र लहान असल्याने उडता थवा सापडत नाही. चष्मा लावणाऱ्याने डोळ्याचे भिंगापासूनचे अंतर किमान पंधरा मिलिमीटर मिळते का, ते पाहून घ्यावे. दुर्बीण पाणी न शिरणारी असणे समुद्राकाठी आवश्यक आहे. वीस ते साठ पटीचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवर ठेवायची एकनळी दुर्बीण, पुढे घ्यावासा वाटेल, आणि किनारपक्ष्यांसाठी त्याचा खरोखर उपयोग होतो, पण पहिल्या हिवाळ्यात तो घेऊ नये असे माझे मत आहे. दुर्बिणीने पाहणारा पक्ष्याची चाल, थव्यातली त्याची जागा आणि उडण्याची रीत पाहतो. स्कोप हाती आला की तो पिसे मोजत बसतो.

वारा अडवणारे जाकीट, बसायला जाडसर तुकडा, पाणी, पेन्सिल आणि नोंदवही एवढे बरोबर असावे. पेन्सिलच, कारण ओल्या कागदावर शाई पसरते.

तिसरी पायरी : चार पक्षी आधी

हिवाळी किनारपक्षी नवख्याला नाउमेद करतात, कारण विणीच्या हंगामातला तांबूस-काळा साज उतरवून बहुतेक जण करडे-तपकिरी झालेले असतात. पुस्तकात एकाच पानावर बारा करडे पक्षी दिसले की कोणालाही पान उलटावेसे वाटते. म्हणून मी नेहमी चार पक्ष्यांपासून सुरुवात करायला सांगतो : ग्रे प्लोवर, टर्नस्टोन, सँडरलिंग आणि व्हिम्ब्रेल. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांच्या किनाऱ्यांवर हे पक्षी, किंवा त्यांचे अगदी जवळचे भाईबंद, ध्रुवाकडचा हिवाळा चुकवायला येतात, त्यामुळे बेट कोणतेही असले तरी यांतले दोन-तीन भेटतातच. शिवाय हे चौघे अन्न शोधण्याच्या चार वेगळ्या रीती दाखवतात, आणि किनारपक्षी ओळखण्याची खरी किल्ली रंगात नसून या रीतींत आहे.

ग्रे प्लोवर डोळ्याने शिकार करतो. त्याचा डोळा मोठा, चोच आखूड आणि जाड. तो पाच-सात पावले धावतो, थबकतो, पाहतो, एकदाच चोच मारतो आणि पुन्हा धावतो. हे धावणे-थबकणे सगळ्या प्लोवरांचे लक्षण आहे आणि अर्धा किलोमीटर अंतरावरूनही ते ओळखू येते. तो उडाला की पंखाखाली, काखेत, काळा डाग दिसतो. तो दिसला की शंकेला जागा राहत नाही. त्याची तीन सुरांची उदास शीळ एकदा ऐकली की पुढे पक्षी दिसण्याआधीच कळतो.

टर्नस्टोन खडकांवर, धक्क्याच्या पायऱ्यांवर आणि भरतीने आणून टाकलेल्या शेवाळाच्या ओळीवर असतो. आखूड, किंचित वर वळलेल्या चोचीने तो दगड आणि शेवाळ उलटवून खालचे जीव टिपतो. पाय आखूड आणि नारिंगी, छातीवर काळपट पट्टा. माणसाला तो इतरांपेक्षा कमी घाबरतो, म्हणून जवळून चित्र काढायला शिकण्यासाठी याच्यासारखा पक्षी नाही.

सँडरलिंग लाटेच्या कडेला धावतो. लाट मागे फिरली की तिच्या मागे, लाट आली की तिच्या पुढे, आणि मधल्या क्षणी ओल्या वाळूत भराभर चोची. किनारपक्ष्यांत हा सर्वांत फिका, चोच आणि पाय काळे. त्याच्या पायाला मागचे बोट नसते, आणि त्याच्या पायाच्या ठशांतही हे दिसते.

व्हिम्ब्रेल मोठा, चोच लांब आणि टोकाकडे खाली वळलेली, डोक्यावर गडद आणि फिकट पट्टे. खेकडे हे त्याचे आवडते अन्न. त्याच्याच कुळातला कर्ल्यू त्याहून मोठा, त्याच्या डोक्यावर पट्टे नसतात आणि चोच इतकी लांब की ती उचलून धरताना पक्ष्याला कष्ट पडत असतील असे वाटावे. कर्ल्यूची मादी नरापेक्षा लांब चोचीची असते. या चोची आतून कशा काम करतात, हे समजले की पाहण्याला अर्थ येतो. चिखलात खोल गेलेल्या चोचीचे फक्त टोक उघडता येते, बाकीची चोच मिटलेली राहते, आणि टोकाशी स्पर्श जाणणारी सूक्ष्म इंद्रिये दाटीने असतात. नॉट नावाचा पक्षी तर वाळूत चोच खुपसल्यावर पाण्यात उठणाऱ्या दाबातील फरकावरून आत पुरलेला शिंपला कोठे आहे ते जाणतो.

हे चार पक्के झाले की पाचवा आपोआप कळतो, कारण आता मोजपट्टी हाती असते. नवा पक्षी दिसला की तो टर्नस्टोनपेक्षा मोठा की लहान, प्लोवरसारखा थबकतो की शिवणयंत्रासारखी चोच चालवत पुढे जातो, आणि उडताना पंखावर पांढरी पट्टी आहे का, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. रेडशँक उडाला की पंखाची मागची कड पांढरी चमकते. गॉडविटच्या दोन जाती उभ्या असताना गोंधळात टाकतात, पण उडताच काळ्या शेपटीच्या जातीच्या पंखावर ठळक पांढरा पट्टा दिसतो आणि पट्टेरी शेपटीच्या जातीला तो नसतो. पायांच्या रंगावर मात्र लवकर विश्वास ठेवू नये, कारण चिखलाने माखलेले पाय सगळ्यांचेच सारखे दिसतात.

पट्टेरी शेपटीचा हा गॉडविट समोर दिसला तर थोडा वेळ त्याच्याकडे नुसते पाहावे असे मी म्हणेन. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, उपग्रह-यंत्र बसवलेले या जातीचे एक पिल्लू, वय अवघे पाच महिने, अलास्काहून निघाले आणि कोठेही न उतरता अकरा दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात पोचले. चिखलात शांतपणे चोच खुपसणाऱ्या पक्ष्याची ताकद अशी असते.

कुरवांना, म्हणजे गल पक्ष्यांना, पहिल्या हिवाळ्यात फार वेळ देऊ नये. मोठ्या जातीच्या कुरवाला प्रौढ पिसारा यायला साधारण चार वर्षे लागतात, आणि दर वर्षी तो वेगळा दिसतो. तपकिरी ठिपकेदार पोरे बाजूला ठेवून फक्त प्रौढांकडे पाहावे आणि आकार, पाठीचा करडेपणा, पायांचा रंग आणि पंखाच्या टोकांवरची नक्षी एवढेच टिपावे. काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळ्यात काळे नसते, डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा उरतो. या नावामुळे फसलेले अनेक जण मी पाहिले आहेत.

चौथी पायरी : उघड्या समुद्राकडे पाहणे

किनारपक्षी झोपले की भरतीचा मधला तास बसल्या जागेवरूनच समुद्राला द्यावा. येथे बेटाचा मोठा फायदा असा की आधी वाऱ्याची दिशा पाहून बाजू निवडता येते. समुद्रावर तरंगणारे पक्षी हवे असतील तर आडोशाच्या बाजूला जावे. तेथे पाणी सपाट असते आणि थंड समुद्रांत आयडर, स्कोटर यांसारखी समुद्री बदके आणि लून, ग्रेब हे बुडी मारणारे पक्षी तेथेच आसरा घेतात. उष्ण समुद्रांत त्यांच्या जागी पाणकावळे, कुरव आणि सुरय असतात. उडत जाणारे खोल समुद्रातले पक्षी हवे असतील तर वाऱ्याच्या बाजूच्या टोकावर, आडोसा धरून, पहाटेपासून बसावे. दोन-तीन दिवस समुद्राकडून जोराचा वारा वाहिल्यानंतरची सकाळ यासाठी उत्तम.

बुडी मारणारा पक्षी दिसेनासा झाला की दुर्बीण खाली करू नये. सेकंद मोजावेत आणि थोडे रुंद क्षेत्र पाहत राहावे, कारण तो बुडाला तेथेच वर येत नाही. पाण्यावर बसलेल्या पाणकावळ्याची चोच किंचित वर उचललेली असते, लून पाण्यात इतका खोल बसतो की लाट आली की पाठ दिसेनाशी होते, आणि ग्रेबची मान सरळ उभी असते. पंख पसरून खडकावर बसलेला पाणकावळा पंख वाळवत असतो, कारण त्याच्या पिसांत पाणी शिरते. या दोषानेच त्याला खोल बुडणे सोपे जाते. कुरव अधूनमधून डोके झटकतो तेव्हा चोचीच्या टोकावरून थेंब पडताना दिसेल. डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातले जादा मीठ गाळून नाकपुडीवाटे बाहेर टाकतात, आणि म्हणूनच समुद्राचे पाणी पिऊनही तो जगतो.

बरोबर कोणी असेल तर पक्ष्याची जागा सांगण्यासाठी बोये, खडक किंवा नांगरलेली होडी यांचा आधार घ्यावा. ‘तो बघ, तिकडे’ या शब्दांनी समुद्रावर कोणालाच काही सापडत नाही.

अंतर

या लेखातला सर्वांत आवश्यक भाग हा आहे, आणि तो वगळून पक्षी पाहण्यापेक्षा न पाहिलेले बरे. हिवाळ्यात किनारपक्ष्याला अन्न फक्त ओहोटीच्या काही तासांत मिळते, म्हणून तो रात्रीच्या ओहोटीलाही चरतो. भरतीची विश्रांती ही त्याची मिळवलेली चरबी राखण्याची वेळ आहे. एका पायावर उभे राहणे, चोच पिसांत लपवणे, थव्यात खेटून उभे राहणे हे सगळे उष्णता वाचवण्याचे उपाय आहेत. अशा थव्याला एका भरतीत तीन-चार वेळा उडवले तर त्याने त्या दिवशी कमावलेले बरेचसे हवेत खर्च होते, आणि सतत असे घडले तर तो ती जागाच सोडतो. आसपास दुसरी सुरक्षित जागा नसेल तर त्याबरोबर त्या जागेजवळची चिखलपट्टीही त्याच्या हातून जाते.

पक्षी उडण्याआधी सूचना देतात. झोपलेल्यांच्या चोची बाहेर येतात, माना उंचावतात, कडेचे पक्षी चालू लागतात, एखादा शिट्टी घालतो. मान उंचावताना दिसली की आपण जास्त जवळ आलो आहोत असे समजून थांबावे, आणि चालू लागलेले दिसले की खाली वाकून मागे सरावे. कर्ल्यूसारखे मोठे पक्षी लहानांपेक्षा फार लांबून उडतात आणि त्यांच्याबरोबर सगळा थवा उठतो, म्हणून अंतर थव्यातल्या सर्वांत भित्र्या पक्ष्यावरून ठरवावे. पक्षी येण्याआधी बसलेला माणूस त्यांना चालतो. बसल्यानंतर आलेला चालत नाही. निघतानाही हाच नियम आहे : भरती उतरून थवा पुन्हा चिखलाकडे पांगेपर्यंत जागा सोडू नये, आणि त्यासाठी शिखरानंतर तास-दीड तास हाताशी ठेवूनच होडीची वेळ ठरवावी. कुत्रा बरोबर नेऊ नये, ड्रोन उडवू नये, आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवून पक्षी बोलावू नये. उडता थवा टिपण्यासाठी मुद्दाम पक्षी उठवणारे छायाचित्रकार भेटतात, त्यांना शांतपणे पण स्पष्ट सांगावे.

आपण हललो नाही आणि तरीही सगळा थवा एकदम उठला, तर वर पाहावे. बहुतेक वेळा बहिरी ससाणा सापडतो.

पाचवी पायरी : मोजणे आणि नोंदवणे

मोजणी पहिल्या दिवसापासून करावी, मग ती कितीही ओबडधोबड असो. थव्याच्या कडेचे दहा पक्षी मोजावेत, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरावे, तेवढे दहा तुकडे म्हणजे शंभर, आणि तो शंभराचा तुकडा थव्यावर पुढे पुढे ठेवत जावे. मध्यभागी पक्षी दाट आणि कडेला विरळ असतात, म्हणून माप मधूनही एकदा तपासावे. झोपलेला थवा दोनदा मोजावा आणि दोन्ही आकडे लिहावेत. नोंदीत तारीख, वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ आणि उंची, पक्ष्यांची संख्या आणि ते चरत होते की झोपले होते, हे असावे. गेलो आणि एकही पक्षी नव्हता, हीसुद्धा नोंदच आहे, आणि कित्येकदा सर्वांत उपयोगाची.

अशा साध्या नोंदींवर मोठी कामे उभी आहेत. १९०० च्या नाताळात अमेरिकेतील फ्रँक चॅपमन यांनी सणाच्या शिकारीऐवजी पक्षी मोजण्याची कल्पना मांडली, तेव्हा २७ जण बाहेर पडले. ही नाताळची गणना आजही दर वर्षी १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात होते. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ पासून जानेवारीच्या मध्यावर होते आणि आशियातील तिचा भाग १९८७ पासून चालू आहे. नवख्याने पहिल्या वर्षी गणनेत लेखनिक म्हणून जावे : अनुभवी माणूस आकडे सांगतो, आपण लिहितो, आणि एका दिवसात महिन्याभराचे शिकतो. एरवीच्या नोंदींसाठी २००२ मध्ये सुरू झालेले ई-बर्ड हे संकेतस्थळ वापरता येते.

पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी किंवा लहान झेंडीसारखी खूण दिसली तर बाकी सगळे सोडून ती वाचावी. खुणेचा रंग, ती डाव्या पायात की उजव्या, सांध्याच्या वर की खाली, आणि तिच्यावरची अक्षरे, या क्रमाने लिहावे. अर्धवट वाचलेली खूणही अंदाज न भरता तशीच लिहावी. आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उड्डाणमार्गावर झेंडीच्या रंगांच्या जोडीवरून पक्ष्याला कोठे खूण घातली तो देश कळतो. ही माहिती त्या देशातल्या, पक्ष्यांच्या पायात अशा खुणा घालणाऱ्या योजनेला कळवली की बहुधा उत्तर येते, आणि त्यात त्या पक्ष्याला कोठे व केव्हा पकडले आणि आधी कोणी कोठे पाहिले ते लिहिलेले असते.

किनाऱ्यावर मेलेला किंवा मान टाकलेला पक्षी आढळला तर त्याला हात लावू नये. २०२१ आणि २०२२ पासून पक्षीज्वराच्या एच-५-एन-१ विषाणूने समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींत मोठी हानी केली आहे. जागा, जात आणि संख्या लिहून, दुरून छायाचित्र घेऊन, स्थानिक वन किंवा पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवावे. वादळानंतर दमून किनाऱ्यावर बसलेल्या जिवंत पक्ष्याला पुन्हा पाण्यात ढकलू नये, तो विश्रांतीसाठीच बाहेर आलेला असतो.

होडीत बसल्यावर दुर्बीण पुसण्याचा मोह आवरावा, कारण भिंगावरचे मीठ आणि वाळूचे कण कोरड्या कापडाने घासले की कायमचे ओरखडे उठतात. घरी आल्यावर पाणी न शिरणारी दुर्बीण गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरावी, मग मऊ कापडाने टिपावी आणि सावलीत वाळू द्यावी. ती वाळते आहे तोवर आजची भरतीची वेळ आणि उंची नोंदवहीत लिहून घ्यावी, थवा किती वाजता दांड्यावर उतरला ते तिच्या शेजारी लिहावे, आणि वेळापत्रकातून तेवढ्याच उंचीची पुढची भरती शोधून तिच्या दोन तास आधीची होडी पाहून ठेवावी.